उभा लावलेला दगड

७ डिसेंबर

छिन्नी,

बाबांच्या हातात आईचं नाक आलं तेव्हा मी अंगणातल्या नळाशी बादली विसळत होते. ते ओरडले नाहीत. तळहात पुढे धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "बघ गं, काय आहे हे?"

मी बघितलं. म्हटलं, "नाक आहे."

टवका आहे, असंही म्हणता आलं असतं. पण त्यांनी लगेच दुसरा हात भिंतीला लावून बघितलाच असता.

तू गेलास तेव्हा त्यांना थोडंफार दिसत होतं. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. सकाळी चहा झाला की भिंतीचा आधार घेत फाटकाशेजारच्या त्या दगडापर्यंत जातात आणि त्यावर त्यांनीच कोरलेल्या आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात. कपाळापासून सुरुवात करतात, हनुवटीशी थांबतात. मग घशातल्या घशात काहीतरी बोलतात आणि परत येतात. आत्या म्हणते, "जिवंतपणी वहिनीला एवढा हात लावला असता तर अजून असती ती." त्यांच्या तोंडावर म्हणते. बाबा हसतात. बहिणीचं त्यांना काही लागत नाही.

नाक या पार्सलात आहे, कापसात गुंडाळून. उघडताना जपून उघड. पुढून बघ, बाबांच्या हाताची सफाई अजून तशीच आहे. मग उलटं करून बघ. मागची बाजू नुसती वाळू झाली आहे. बोटाने घासलीस तर गळेल.

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या कंपनीतून तू जो लेप पाठवला होतास, त्याचे मी दोन हात दिले. डब्यावर लिहिलं होतं तसंच, ब्रश एका दिशेने फिरवून. त्याने बाहेरचं पाणी आत जायचं थांबलं असेल. आतलं बाहेर यायचंही थांबलं. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल कुठे जाणार? ती लेपामागे बसून राहिली आणि तिच्यातलं मीठ तिथेच सुकलं. मिठाचे कण वाढतात तेव्हा जागा मागतात. दुधावर साय धरावी तशी दगडावर कातडी धरली आणि तिच्यामागे पीठ झालं. गालावर टिचकी मारली तर आता मडक्यासारखा आवाज येतो.

तुझा हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. लेपाबद्दल बाबांना सांगितलेलं नाही. अजून तरी नाही.

भुकटी

१९ डिसेंबर

छिन्नी,

तुझं पत्र पोचलं. नाक बघून तुझी बायको रडली, असं लिहिलंस. तिने आईला पाहिलेलंही नाही. तिला सांग, आईला नाकं मुरडणाऱ्या आणि रडणाऱ्या बायका सारख्याच नावडायच्या.

फोन का करत नाही, असंही विचारलंस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस.

बाबांसारख्या माणसाने दगड उभा लावलाच कसा, हा तुझा प्रश्न. तू तेव्हा लहान होतास, म्हणून सांगते. खाणीत दगड थरावर थर असा झोपलेला असतो. भिंतीतही तो तसाच आडवा ठेवायचा, म्हणजे वरचं वजन थरांना दाबून धरतं. उभा केला की थर वहीच्या पानांसारखे उभे राहतात आणि समोरचं एकेक पान सुटत जातं. पाथरवटाच्या घरातल्या मांजरालाही हे माहीत असतं. पण आपल्या खाणीतला चांगला थर वीतभरच जाड. आडवा लावायचा तर आईला तीन तुकड्यांत करावं लागलं असतं, आणि एक सांधा बरोबर डोळ्यांवरून गेला असता.

बाबा म्हणाले, "तिच्या तोंडावर मी सांधा येऊ देणार नाही."

थोरले मिस्त्री म्हणाले, "मालक, सांधा दिसेल, पण बाई टिकेल."

बाबांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मिस्त्री जाताना आपली हत्यारं घेऊन गेले आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "तू बघशील." मी तेव्हा दगडाचा भुसा झाडत होते. बघते आहे.

आता मुद्द्याचं. चेहऱ्यामागे अजून चार बोटं दगड शिल्लक आहे. मी कडेकडेने वाजवून बघितला, आतला थर पक्का आहे. सुटलेलं सगळं काढून टाकलं आणि तेवढं आत गेलं, तर एकदा, एकदाच, पुन्हा कोरता येईल. हे मी बाबांना जेवताना सांगितलं. म्हटलं, "मी कोरते."

ते म्हणाले, "तुझा हात पायऱ्यांचा."

मी घास गिळला. त्यांना वाटलं असावं की मला वाईट वाटलं, म्हणून पुढे म्हणाले, "पायऱ्या तुझ्यासारख्या कुणाला जमत नाहीत हो. उंबरेसुद्धा. पण हे छिन्नीचं काम आहे. त्याला बोलाव."

आत्या म्हणाली, "छिन्नीच्या हातात छिन्नी येऊन किती वर्षं झाली? फरश्यांवर दगडाचे फोटो चिकटवतो तो."

"हात विसरत नाही," बाबा म्हणाले. "तीन ठोके हलके, एक जड. मी बसवलाय तो हात."

तुला त्यांनी शिकवलं, हे खरं आहे. तुझ्या मुठीवर आपली मूठ धरून शिकवलं. मी समोर झाडू घेऊन उभी असायची. नावंही त्यांनीच ठेवली, तू छिन्नी आणि मी भुकटी. पाहुण्यांना सांगताना त्यांना फार हसू यायचं.

तेव्हा तू ये. पण घाई करू नकोस. थंडी आता कुठे सुरू झाली आहे, आणि गारठलेला दगड कोरू नये हे तुला मी सांगायला नको. परवा खाणीवरून येताना आठवलं, थंडीत आपण दगड कसा फोडायचो. संध्याकाळी ओळीने पाडलेल्या भोकांत पाणी ओतायचं, तू कळशी धरायचास, मी नरसाळं. इथल्या उंचावर रात्री पाणी गोठायचं, फुगायचं, आणि सकाळी दगड सरळ रेषेत उघडलेला असायचा. ना सुरुंग, ना घण. बाबा पाण्याला बिनपगारी मजूर म्हणायचे. एकदा तू रडला होतास, दगडाला दुखलं असेल म्हणून. बाबांनी तुला खांद्यावर घेतलं होतं.

सहज आठवलं.

भुकटी

४ जानेवारी

छिन्नी,

आत्याने तुला फोन केला, हे मला ठाऊक आहे. ती फोनवर कुजबुजते तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

तू विचारतोस, पाऊस नाही, बर्फ नाही, तर भिंत रोज ओली कशी. भिंत मी धुते. दगडावर धूळ बसते, शेवाळ धरतं. शेवाळाचे तंतू थरांत शिरतात आणि फट मोठी करतात, हे तूच मला एकदा समजावून सांगितलं होतंस, बोट वर करून. संध्याकाळीच का, असं विचारतोस. दिवसभर मी पायऱ्या करते. माझा हात पायऱ्यांचा आहे. कोमट पाणी का नाही वापरत, असंही विचारलंस. कोमट पाण्याने तू तुझ्या फरश्या धू.

वर झाकायला ताडपत्री पाठवतोस म्हणतोस. नको पाठवू. आवारात दोन पडल्या आहेत.

डावा गाल गेला. वरचा ओठ गेला, खालचा आहे. उजव्या भुवईखाली बोट घातलं तर नखाएवढं आत जातं. बाबा अजून रोज सकाळी जातात. त्यांचा हात कपाळावरून नीट खाली येतो, खड्ड्याच्या काठाशी थांबतो, पलीकडे उडी घेतो आणि पुढे चालू लागतो. जणू तिथे काही झालंच नाही. पायऱ्या उतरताना एक पायरी तुटलेली आहे हे माहीत असलेला माणूस असाच उतरतो. मला त्यांचं कौतुक वाटतं. मी हे टोचून लिहीत नाही.

रोज तेच विचारतात.

"छिन्नी काय म्हणतो?"

"येतो म्हणतो. सुट्टी मिळाली की."

"व्याप असतो त्याच्यामागे."

परवा मी म्हटलं, "मला नाही का व्याप?"

ते खरोखर गोंधळले. चेहरा माझ्या आवाजाकडे वळवून म्हणाले, "तुझं काय? तू इथेच आहेस ना."

आत्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान खाली घातली. मग मी नळाशी गेले.

तू लिहितोस की बाबांना हे सगळं कळतं आहे का, याची तुला भीती वाटते. त्यांना एवढंच कळतं की दगड ओला आहे. परवा तळहात धोतराला पुसत म्हणाले, "रडते आहे बघ." मी म्हटलं, "दव असेल."

महिनाअखेर झाल्यावर येतो म्हणतोस, तर महिनाअखेर झाल्यावर ये. तुझ्या साहेबाला दुखवू नकोस.

भुकटी

२० जानेवारी

छिन्नी,

काल दुपारी पडला.

कडाक्याची थंडी होती तोवर टिकला. लोकांना वाटतं थंडीत दगड पडतो. थंडीत तो फुटतो, पडत नाही. थरामागचं पाणी गोठलेलं असतं आणि तो बर्फच थराला धरून ठेवतो, जखमेला खपली धरते तसा. दोन दिवस ऊन पडलं. बर्फाने हात सोडला.

उरलेला चेहरा एका तुकड्यात सुटला, केसांपासून गळ्यापर्यंत, आणि फाटकाच्या पायरीवर आपटून फुटला. पायरी मी केलेली. तिला ओरखडाही नाही.

बाबा आत खाटेवर आडवे होते. आवाज ऐकून त्यांनी हाक मारली नाही. उठून, कशालाही न अडखळता, सरळ तिथे आले. बसले. मांडी घालून एकेक तुकडा मांडीत घ्यायला लागले आणि चाचपून जुळवायला लागले. केसांचा तुकडा त्यांना लगेच कळला. हनुवटी कळली. कपाळ मात्र त्यांनी उलटं धरलं आणि गळ्याखाली लावून बघितलं. बसेना. पुन्हा फिरवून बघितलं. मी समोर उभी होते. सांगितलं नाही.

आत्या बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बादली कुठाय गं?"

मी म्हटलं, "कशाला?"

"तुकडे भरायला."

"घमेलं आण."

तिने बादलीच आणली. माझ्यासमोर ठेवली, तुकडे एकेक करून त्यात टाकले आणि प्रत्येक टाकताना माझ्याकडे बघितलं. तिने बोलावं असं मला वाटत होतं.

काल रात्रीपासून बाबा जेवले नाहीत. अंगात ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले थंडी भरली आहे, थंड जमिनीवर बसू दिलंत कसं? मी म्हटलं, ऐकत नाहीत. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि एकच वाक्य बोलतात, "छिन्नीला कळव."

कळवते आहे.

तू तिकीट काढलंस, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं, हे वाचलं. त्यांना तारीख सांगितलेली नाही. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला लावू नये.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी, कारण तुला दगडातलं कळतं, निदान कळायचं. पडलेल्या थरामागे जो दगड उघडा पडला आहे, तो खाणीतून आज काढल्यासारखा आहे. फिकट, कोरडा, एकही रेघ नाही. वाजवला तर घंटेसारखा वाजतो. मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी होते.

भुकटी

६ फेब्रुवारी

छिन्नी,

काम झालं.

तुझ्या लेपाचा उरलेला भाग आधी खरवडून काढला, दगडाला श्वास घेऊ दिला. भिंत धुणं थांबवलं. पायथ्याशी चर खणून खडी भरली, म्हणजे ओल वर चढणार नाही. हे सगळं पहिल्या वेळीच करायला हवं होतं. बाबांनी केलं नव्हतं. मग समोर फळी टाकून बसले आणि कोरायला घेतलं. फोटो नव्हता घेतला. बाबांनी आईला कोरलं होतं ते तिच्या लग्नातल्या फोटोवरून, गुळगुळीत कपाळाची. आम्ही तिला तशी कधी बघितली नाही. तिच्या दोन भुवयांमध्ये एक उभी आठी होती, तू लहान होतास, तुला आठवणार नाही. ती झोपेतसुद्धा जायची नाही. मी ती कोरली. उजव्या डोळ्याची पापणी किंचित खाली, तीही. दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत ती ओठ मिटायची, तसे ओठ.

आत्या शाल घेऊन रोज समोर येऊन बसायची. ओठ झाले त्या दिवशी म्हणाली, "अशीच बघायची माझ्याकडे. मेली तरी बघतेय." मग पुन्हा, "भुकटे, एवढं येत होतं तर ते पाणी कशाला गं घातलंस?"

मी म्हटलं, "शाल नीट घे, वारा आहे."

बाबांचा ताप उतरला होता, पण ते खाटेवरून उठत नव्हते. खिडकी अंगणाकडे आहे. ठोके त्यांना ऐकू जात होते. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही, आणि पेज प्यायला लागले.

आज दुपारी मी त्यांना धरून बाहेर नेलं. हात धरून दगडावर ठेवला आणि मागे सरले.

त्यांनी कपाळापासून सुरुवात केली. आठीवर बोट थांबलं. तिच्यावरून वर गेलं, खाली आलं. मग दोन्ही हातांनी चेहरा धरला, ओंजळीत धरतात तसा. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलायला लागली. एकही चूक त्यांना सापडत नव्हती. मला कळत होतं, कारण चूक सापडली की त्यांचा अंगठा थांबतो. अंगठा थांबला नाही.

शेवटी म्हणाले, "कधी आला?"

मी खाली पडलेली हत्यारं गोळा करायला लागले.

"लपवू नकोस. पडल्या पडल्या ऐकत होतो मी. तीन हलके, एक जड. माझा हात मला ओळखू येणार नाही होय?" मग पुन्हा आठीवर बोट. "ही मी घेतली नव्हती. लाज वाटली होती. माझ्यामुळेच पडायची ती. एवढंसं पोर होतं, पण बघ, त्याच्या लक्षात राहिली." आणि मग मोठ्याने, फाटकाकडे तोंड करून, "छिन्नी! अरे, कुठे आहेस?"

आत्याने तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोलले.

"गेला."

"गेला म्हणजे?"

"काम झालं, गेला. सकाळची गाडी होती."

"मला न भेटता?"

"तुम्ही झोपला होता. मी म्हटलं उठवते. राहू दे म्हणाला."

त्यांचे हात दगडावरच होते. "राहू दे म्हणाला?"

"हो."

"एवढे दिवस इथे होता, आणि आत नाही आला?"

"बाहेरच असायचा."

त्यांनी हात खाली घेतले. दोन्ही हात धोतराला पुसले, काम संपल्यावर पुसायचे तसे. दगड कोरडा होता.

मी केलं, असं सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, मग हात पुन्हा वर नेला असता आणि या वेळी अंगठा कुठेतरी थांबला असता. ते मी होऊ देणार नव्हते.

तेव्हा आता तू येऊ नकोस. तिकीट परत कर. आलास तर ते विचारतील किती आत गेलास, कुठल्या टाकीने पापणी काढलीस, आणि उत्तर ऐकायच्या आधी तुझे तळहात चाचपतील. तुझे तळहात मला माहीत आहेत.

दगड अजून उभाच आहे. थर उभेच आहेत. आपल्या दोघांनंतर कधीतरी हाही सुटेल, त्याची काळजी तू करू नकोस. आत्याला मी सांगितलं आहे की फोनवर तुला ये म्हटलं किंवा बाबांना खरं सांगितलं, तर तिने आपली पिशवी भरायला घ्यावी.

पाकीट उद्या टाकते, आजची टपालपेटी रिकामी करून झाली आहे.

भुकटी

७, सकाळी

बाबा वेळेवर उठले. चहा घेतला. आत्या त्यांना भिंतीकडे न्यायला उठली तेव्हा म्हणाले, आज थंडी फार आहे. ऊन पडलं होतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी कामाला लागले आहे, दोन पायऱ्या द्यायच्या आहेत.